जाळें तुटल्यावर

आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षांत गेलीं कांहीं वर्षें दोन पक्ष आहेत. ते कोणत्या कारणानें पडले हें आतां कोणालाच नीट आठवत नाहीं. परंतु खिडकीकडच्या खुर्च्या एका पक्षाच्या आणि कपाटाकडच्या दुसऱ्या पक्षाच्या, ही विभागणी मात्र पक्की आहे. चहा एकाच किटलींतून येतो, पण दोन वेळां येतो. अशा त्या कक्षांत गेल्या महिन्यांत एक नवल घडलें. एका तरुण सहकाऱ्याच्या मोबाईलवर एक जुनें कार्टून सुरू झालें, आणि त्यांतलें गाणें कानांवर पडतांच दोन्ही बाजूंचे पन्नाशीचे प्राध्यापक एका सुरांत तें म्हणूं लागले. एका सुरांत हें म्हणणें थोडें धाडसाचें होईल. एका वेळीं म्हणूं लागले, इतकें खरें. सात मिनिटें आमचे दोन्ही पक्ष एक झाले होते. मग तासाची घंटा झाली, आणि जो तो आपली हजेरीपुस्तिका उचलून, दुसऱ्या बाजूकडे न पाहतां, वर्गावर गेला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. एकीचा पाठ ज्यांना लहानपणींच इतका मुखोद्गत झाला, त्यांना तो आचरणांत कां आणतां येऊं नये? दोष आमच्यांतच आहे, हें तर उघड आहे. पण त्या पाठांतही कांहीं सांगावयाचें राहून गेलें होतें काय?

तें कार्टून म्हणजे 'एक अनेक और एकता'. १९७४ सालीं फिल्म्स डिव्हिजननें तें काढलें. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, चित्रें भीमसैन यांचीं, आणि संगीत वसंत देसाई यांचें. त्यांतल्या बालस्वरांत साधना सरगम यांचाही स्वर आहे. त्या तेव्हां स्वतःच लहान होत्या. विजयाबाई २०१९ सालीं, शंभरीला पोंचतां पोंचतां, वारल्या. चित्रपट हिंदींत असला तरी वऱ्हाडांतल्या मुलांना त्याची अडचण वाटली नाहीं. १९५६ पर्यंत आमचा प्रांत मध्यप्रदेशांत होता, आणि आमच्या बाजारांत हिंदी परकी म्हणून कधीं वावरली नाहीं.

गोष्ट साधी आहे. बागेंतलीं मुलें एका मोठ्या बहिणीला 'अनेक' म्हणजे काय असें विचारतात. ती सूर्य, चंद्र आणि तारे दाखवून त्यांना एक आणि अनेक यांतला भेद समजावते, व मग पाखरांची कथा सांगते. पाखरें दाणे टिपावयास उतरतात आणि व्याधाच्या जाळ्यांत सांपडतात. मग तीं सारीं एकदम जोर करून जाळ्यासकट उडून जातात. दूर त्यांचे मित्र उंदीर असतात. ते जाळें कुरतडतात, आणि पाखरें मोकळीं होतात. गोष्ट ऐकून तीं मुलेंही एकमेकांच्या आधारानें झाडावरचें उंच फळ काढतात, आणि देशाच्या एकतेचें गाणें म्हणतात. जाळें तुटलें, गाणें झालें, चित्रपट संपला. आमच्या घरची गोष्ट मात्र नेमकी तेथें सुरू झाली.

अकोल्याच्या जुन्या शहरांत आमचें माडीचें घर होतें. मोठे बाबा म्हणजे माझे थोरले चुलते, माझे वडील आणि काका अशीं तीन बिऱ्हाडें त्यांत एका चुलीवर जेवत. आजोबांनीं हें घर आणि खारपाणपट्ट्यांतलें शेत, दोन्ही गहाण टाकून ठेविलीं होतीं. माझ्या जन्माच्या आधींपासून सावकार हा आमच्या घरांतला न दिसणारा वडीलधारा होता. कापसाचे पैसे आले कीं पहिला वांटा त्याचा. उरलेल्यांत आम्हां सर्व भावंडांचे दिवाळीचे कपडे एकाच ताग्यांतून शिवले जात, आणि आम्ही ओळीनें देवळांत निघालों म्हणजे एखाद्या गरीब बँडपथकासारखे दिसत असूं. परंतु घरांत कधीं वरचढ शब्द ऐकूं आला नाहीं. येणारेजाणारे म्हणत, एकी पाहावी तर या घरची.

१९८४ सालीं शेवटचा हप्ता फिटला आणि गहाणखत परत आलें. मोठ्या बाबांनीं तें देवापुढें ठेविलें, साऱ्यांनीं नमस्कार केला, आणि त्या आनंदाच्या भरांत तिघां भावांनीं वर्गणी काढून टीव्ही घेण्याचें ठरविलें. देशांत त्या वर्षीं गांवोगांवीं लहान लहान प्रक्षेपण-केंद्रें उभीं राहत होतीं, आणि ज्याच्या छपरावर अँटेना नाहीं तो गृहस्थ मागासलेला ठरूं लागला होता. संच आमच्या खोलींत बसला, कारण ती मधली. अँटेना मोठ्या बाबांच्या माडीच्या छपरावर चढली, कारण तेंच उंच. वीज काकांच्या ओसरींतून आली, कारण मीटर तेथें होता. एकतेचें याहून शास्त्रशुद्ध यंत्र दुसरें कोणी योजिलें असेल असें मला वाटत नाहीं. छपरावरून मोठे बाबा ओरडत, "आलं काय?" खोलींतून माझे वडील उत्तर देत, "नाही ना बाप्पा, मुंग्याच आहेत!" मग काका अंगणांतून दिशा सांगत, "थोडं स्टेशनकडं फिरवा!" आणि शेवटीं आम्हां मुलांचा एकच गिल्ला, "आलं, आलं!" पाखरांची ती गोष्ट मीं पहिल्यानें पाहिली ती अशी, तीन चुलत्यांच्या तीन आवाजांतून.

भांडणाला आरंभ विजेच्या बिलावरून झाला. बिल काकांच्या नांवें येई. टीव्ही आमच्या खोलींत पाहिला जाई. कोणी किती वेळ पाहिलें याचा हिशेब प्रथम थट्टेनें निघाला, नंतर गंभीरपणें, आणि नंतर वहींत. मग असें आढळून आलें कीं हिशेब केवळ विजेचा नाहीं. सावकाराचें देणें फेडतांना कोणी किती घातलें, कोणाच्या बायकोचे दागिने मोडले, कोणाचें शिक्षण अर्धवट राहिलें, हें सारें इतकीं वर्षें कोणाच्या तरी मनांत लिहिलेलें होतें. १९८६ सालच्या उन्हाळ्यांत अंगणांत भिंत आली. वांटणींत टीव्ही आम्हांला मिळाला, अँटेना छपराबरोबर मोठ्या बाबांकडे गेली, आणि मीटर काकांकडे राहिला. काकांनीं तार सोडून घेतली. चार महिने आमचा टीव्ही विणलेल्या झांकणाखालीं मुक्यानें बसून होता. पुढें यथावकाश तीन टीव्ही झाले, तीन अँटेना झाल्या. आणि पाखरांचें कार्टून लागलें कीं एकतेचें तेंच गाणें तीन खोल्यांतून एकाच क्षणीं ऐकूं येऊं लागलें. तें ऐकणारीं माणसें मात्र एकमेकांशीं बोलत नव्हतीं.

हें पाहून सावकाराला काय वाटलें असेल? त्याला कांहींच करावें लागलें नाहीं. जुन्या कथाकारांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. पाखरें जाळ्यासकट उडतात ती कथा आपल्या देशांत निदान तीन ठिकाणीं सांपडते, आणि त्यांतल्या दोन ठिकाणीं तिचा शेवट वाईट आहे. संमोदमान जातकांत लावे पक्षी प्रत्येकीं जाळ्याच्या एकेका भोंकांत मान घालून जाळें उचलतात आणि कांटेरी झुडपावर नेऊन टाकतात. व्याध रिकाम्या हातानें घरीं येतो, पण बायकोला धीर देतो कीं हे नेहमीं असे राहणार नाहींत. पुढें एक दिवस दाणे टिपतांना एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. 'जाळें काय तूं एकटाच उचलतोस?' एवढ्यावर ती गोष्ट येते. नंतर जाळें पडतें तेव्हां प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, 'आतां उचल कीं!' आणि व्याध सर्वांना टोपलींत घालून नेतो. विजेच्या बिलाची वही मला येथें फार ओळखीची वाटते.

दुसरी कथा महाभारतांत, उद्योगपर्वांत, विदुर कौरवांना सांगतो. दोन पक्षी जाळें घेऊन आकाशांत उडतात आणि व्याध खालून धांवत त्यांच्यामागें जातो. एक तपस्वी त्याला विचारतो कीं, पक्षी आकाशांत आणि तूं जमिनीवर, मग धांवतोस कशाला? व्याध सांगतो, त्यांचें एकमत आहे तोंवर तीं माझें जाळें नेतील. भांडतील तेव्हां माझ्या हातीं येतील. आणि तसेंच होतें. धनासाठीं भांडणाऱ्या भाऊबंदांची हीच गत, असें विदुर म्हणतो. व्याधाचा हा धीर विलक्षण आहे. तो पाखरांच्या पंखांना जाणतो, त्याहून अधिक त्यांच्या स्वभावाला जाणतो.

येथें खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. व्याधाच्या भीतीनें जमलेल्या एकीला सद्गुण म्हणावें काय? हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानें १६५१ सालीं आपल्या 'लेव्हायथन' ग्रंथांत सारा समाजच भीतीच्या पायावर उभा केला. अॅरिस्टॉटलचें म्हणणें त्याहून सूक्ष्म आहे. तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो, उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. आणि म्हणतो कीं उपयोग सरला म्हणजे उपयोगाची मैत्रीही सरते. आमच्या घरची एकी पहिल्या प्रकारची होती. तिची निंदा करण्याचें कारण नाहीं. तिनें घर वांचविलें, शेत वांचविलें. परंतु ती सावकाराची ठेव होती, आणि गहाणखताबरोबर तीही परत गेली.

तिसरी कथा पंचतंत्रांतली व हितोपदेशांतली. आमच्या कार्टूनचें मूळ हेंच. तेथें पाखरें म्हणजे कबुतरें आहेत, त्यांचा राजा चित्रग्रीव, आणि त्याचा मित्र हिरण्यक नांवाचा उंदीर. निर्जन रानांत तांदुळाचे दाणे कोठून आले, अशी शंका हितोपदेशांत चित्रग्रीव आधींच घेतो; पण एक गर्विष्ठ कबुतर ती उडवून लावतें आणि सारीं खालीं उतरून फसतात. मग सगळीं त्या एकाला दूषणें देऊं लागतात. चित्रग्रीव त्यांना थांबवितो. ज्याला 'मीं सांगितलें होतें' असें म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे तोच तें म्हणत नाहीं. संसारांत हें किती अवघड आहे तें प्रत्येक विवाहित वाचकाला ठाऊक असेल. पुढें जाळें घेऊन तीं हिरण्यकाच्या बिळाशीं येतात. हिरण्यक धांवत येऊन प्रथम आपल्या मित्राचे पाश तोडूं लागतो. चित्रग्रीव म्हणतो, आधीं माझ्या आश्रितांचे पाश तोड, माझे मागाहून. उंदीर म्हणतो कीं माझे दांत कोंवळे, शक्ति थोडी. ते पडण्यापूर्वीं तुझे तरी तुटूं देत. चित्रग्रीव ऐकत नाहीं.

कार्टूनांत हा प्रसंग नाहीं. सात मिनिटांत सारें बसत नाहीं, आणि ज्या मुलांना 'अनेक' हा शब्दच नवा, त्यांना हें सांगणार कसें? तरीही मला वाटतें कीं एकीचें सारें मर्म याच ठिकाणीं आहे. जाळें वर असतांना सारे एकदम उडतात. तेथें कोणाला पुढें जातां येत नाहीं, मागें राहतां येत नाहीं. परंतु जाळें एकदम तुटत नाहीं. तें एकेक गांठ करून तुटतें, आणि आधीं कोणाची गांठ, हा प्रश्न त्या क्षणीं पडतोच. त्याचें उत्तर ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांची एकी उंदराच्या पहिल्या दातापाशींच संपते.

कॉलेजांत हितोपदेश वाचतांना मला चित्रग्रीवाच्या जागीं एकदम मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, दिसली. वांटणीच्या दिवशीं पितळी-तांब्याचीं भांडीं ओसरीवर मांडलीं होतीं. पहिली निवड थोरल्याची, असा रिवाज. मोठे बाबा पुढें झाले होतेच, तोंच ती दारांतून म्हणाली, "आधी त्यांचं होऊ द्या. आमचं काय, उरलं ते नेऊ." काकूनें निवडलें, माझ्या आईनें निवडलें, आणि मोठ्या आईच्या वांट्याला एक गळकें घंगाळ व कांहीं किरकोळ भांडीं आलीं. त्या घंगाळांत तिनें तुळस लावली. चौदा वर्षांचा मी मनांत म्हणालों, मोठी आई भोळी आहे. पण पुढें तिन्ही घरांतल्या आजारांत, बाळंतपणांत आणि परीक्षांच्या दिवसांत भिंत ओलांडून ज्या एकाच घरीं कोणीही बेधडक शिरे, तें घर तिचें होतें.

येथें एक आक्षेप येतो आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मोठी आई शेवटीं राहिली, कारण ती बाईमाणूस होती. आपल्या घरांतून बायकांनीं शेवटीं जेवावें, शेवटीं निजावें आणि उरलेलें घ्यावें, हें तिला जन्मापासून शिकविलें होतें. मग तो सद्गुण कीं नुसती संवय? मला वाटतें, कथेनें चित्रग्रीवाला राजा केलें आहे तें याचसाठीं. ज्याला पहिला क्रमांक सहज मिळत आहे त्यानें शेवटचा मागितला, तर तो धर्म. ज्याला शेवटीं बसण्यावांचून गति नाहीं त्याला 'एकीसाठीं तूं थांब' म्हणून सांगणें, हें दुसरेंच एक जाळें आहे. त्या दिवशीं शेवटीं राहण्याचें पुण्य खरें पाहतां मोठ्या बाबांच्या वांट्याचें होतें. त्यांच्या वतीनें तें मोठ्या आईनें केलें, आणि त्यांनीं तें केवळ अडविलें नाहीं. 'माझी गांठ शेवटीं' हें वाक्य प्रथमपुरुषींच शोभतें. द्वितीयपुरुषीं तें उच्चारलें कीं त्याचा अन्याय होतो.

जें घराला तेंच प्रांताला. १९४७ च्या ऑगस्टांत मराठी पुढाऱ्यांचा जो करार झाला तो आमच्या अकोल्याच्या नांवानें ओळखला जातो, आणि १९५३ सालीं नागपूर करार झाला. दोहोंतही संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टीबरोबर विदर्भाला काय मिळावें याची बोलणी होती. एकीच्या मंगल प्रसंगीं वांटणीची भाषा कांहींना कोती वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. गांठी कोणत्या क्रमानें सुटणार हें आधीं बोललेलें बरें. तें बोलणें पाळलें गेलें कीं नाहीं यावर आमच्याकडे अजून वाद चालतो, आणि त्या वादाची धारच सांगते कीं प्रश्न गौण नव्हता.

व्याधावांचून एकी होऊं शकत नाहीं काय? अमरावतींत राहणाऱ्या मनुष्याला याचें उत्तर दूर शोधावें लागत नाहीं. १९५६ च्या डिसेंबरांत वलगांवजवळ देह ठेवणाऱ्या गाडगे महाराजांची समाधि आमच्या शहरांत आहे. ते एखाद्या गांवांत आले कीं कोणाशीं न बोलतां रस्ता झाडावयास लागत. पाहणारे लाजून हातभार लावीत, आणि रात्रीं त्याच माणसांपुढें कीर्तन होई. या कामांत शत्रु कोणी नव्हता. असलाच तर कचरा. त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या आणि स्वतःसाठीं त्यांतलें कांहीं ठेविलें नाहीं. कामाला पहिला आणि वांट्याला शेवटचा, असा एक मनुष्य असला तर व्याधाची जरूर राहत नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर लेखणी खालीं ठेवितां आली असती. परंतु या प्रश्नांत मी नुसता प्रेक्षक नाहीं. आईवडील गेल्यानंतर त्या घराचा व शेताचा आमच्या वांट्याचा तिसरा हिस्सा मी आणि माझा धाकटा भाऊ यांच्यांत वांटावयाचा आहे. मी अमरावतीस असतों, तो अकोल्यास. या कामाचा कच्चा कागद मींच केला होता. त्याच्या आरंभीं बंधुप्रेमावर दोन चांगलीं वाक्यें आहेत, आणि तिसरें वाक्य असें: 'रूढीप्रमाणें थोरल्यानें प्रथम निवड करावी.' अध्यापक-कक्षांतल्या त्या गाण्यानंतर मीं तो कागद पुन्हा वाचला, आणि नीतिशास्त्र शिकविण्यांत गेलेलीं माझीं पंचवीस वर्षें मला त्या तिसऱ्या वाक्याखालीं गाडलेलीं दिसलीं.

मीं तें वाक्य खोडलें आणि भावाला फोन केला. म्हटलें, "आधी तू निवड. उरलं ते माझं." तो बराच वेळ बोलला नाहीं. मग सावधपणें म्हणाला, "काहून दादा? कागदांत काही गडबड आहे काय?"

मला हंसूं आलें, आणि मग तितकेंसें आलें नाहीं. भावानें भावाला पहिली निवड दिली, तर त्यांत कांहीं काळेंबेरें असावें, इथपर्यंत आम्ही तीन खोल्यांत तीन टीव्ही पाहत येऊन पोंचलों होतों. त्याचा संशय अगदीं रास्त होता. एका फोननें तो जाणार नाहीं. जाळें एकेक गांठ करूनच तुटतें.

येत्या रविवारीं मी बडनेऱ्याहून गाडीनें अकोल्यास जाणार आहें. रस्त्याकडची खोली त्यानें घेऊं नये, असें मला अजूनही वाटतें, हें मी लपवीत नाहीं. दुसऱ्यांचे पाश तुटत असतांना चित्रग्रीव किती राहिले म्हणून मोजीत होता कीं नाहीं, हें कथेंत सांगितलेलें नाहीं. मी मात्र मोजीत बसेन, असें वाटतें. परंतु मोजीत मोजीत कां होईना, मनुष्याला शेवटीं उभें राहतां यावें, एवढें जमलें तरी त्या सात मिनिटांचें ऋण थोडेंफार फिटेल.